चिखलदऱ्यात दोन दिवस आम्ही कशालाच हात लावला नाही

माझी सून कंपनीतून आली, खुर्चीवर बसली आणि डोक्यावरचं हेल्मेट न काढताच झोपली. त्या संध्याकाळी मी ठरवलं, हिला घेऊन कुठंतरी जायचं.

सविता नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते. दोन महिने त्यांचं काहीतरी मोठं चाललं होतं. अंधार पडल्यावर घरी यायची, मग स्वयंपाक, जेवणं आटोपली की पुन्हा लॅपटॉप. काम संपलं तेव्हा साहेबानं शाबासकी म्हणून कंपनीचं नाव छापलेला चहाचा कप दिला. दुसऱ्या दिवशी तिला चक्कर आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गोळी देत नाही. झोपा, आणि दोन दिवस कुणाचं काही करू नका." हे औषध नागपुरात मिळण्यासारखं नव्हतं, म्हणून चिखलदरा.

मी सांगते, नात मिनू टाइप करते. चुका तिच्या, राग माझा.

सकाळी लवकर निघा, म्हणजे शहराबाहेर वाडीच्या पुढे ट्रक कमी लागतात. कोंढाळीला पोहे खा, पण वरचा तिखट रस्सा, म्हणजे तर्री, वेगळ्या वाटीत मागा, नाहीतर घाटात तिची आठवण येते. अमरावतीपर्यंत रस्ता गुळगुळीत आहे, त्याची वसुली टोलवर होते. परतवाड्याला पेट्रोल भरून घ्या. पुढे सागाचं जंगल आणि घाट. गाडी माझा मुलगा प्रकाश चालवत होता, त्यामुळे वळणं मी डोळे मिटून पाहिली. मिनू पुढे त्याच्याजवळ, सविता मागे माझ्याशेजारी, कोंढाळीपासून तोंड उघडं टाकून झोपलेली. मी तिचं डोकं खांद्यावर घेतलं.

भाड्यानं छोटा बंगला घेतला होता, स्वयंपाकघरासकट. शनिवार-रविवारी भाडं जवळजवळ दुप्पट लावतात, जमलं तर मधल्या वारी जा. व्हरांड्यासमोर सरळ दरी. मी म्हटलं, वा. मग प्रकाशनं डिकी उघडली आणि माझं डोकं फिरलं. कपड्यांच्या बॅगांमागे जाड्या पिठाची थैली, तुरीची डाळ, वांगी, तुपाची बरणी आणि पोतंभर गोवऱ्या. आराम करायला निघालेला माणूस नागपूरहून गोवऱ्या घेऊन आला होता.

"हे काय होय गा?"

"रोडगे. अमरावतीहून दोन दोस्त येऊन राहिले संध्याकाळी. थंडीत मजा येते. सविताले पण चेंज होईल."

"कशाचा चेंज? घरची परात सोडून इथली परात?"

"अवं आई, भाजतो तर आम्हीच ना."

विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगते. रोडगे म्हणजे जाड्या कणकेचे, पदर देऊन वळलेले गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, डाळ, वांग्याची भाजी आणि तुपाबरोबर खायचे. भाजताना पुरुष भोवती उभे राहून फोटो काढतात. त्याआधीचं मळणं, वळणं, डाळ, भाजी आणि नंतरची भांडी बायकांकडे. पार्टी पुरुषांनी केली असं सगळीकडे सांगतात.

सवितानं ओढणी कमरेला खोचली आणि परात शोधायला लागली. मला प्रकाशपेक्षा त्या खोचलेल्या ओढणीचा जास्त राग आला. मी परात तिच्या हातातून काढून घेतली आणि दारात उभी राहिले.

"प्रकाश, सविताले कावळा शिवला."

तो थांबला.

"मलेही शिवला."

"आई, तुझं वय काय?"

"कावळ्याले विचार."

कावळा शिवला म्हणजे बाईचे महिन्याचे चार दिवस. पूर्वी त्या दिवसांत चुलीला, पाण्याला, माणसाला हात लावायचा नाही, बाजूला बसायचं. सासूबाई गेल्या त्या वर्षी मीच हे आमच्या घरातून हाकललं.

"तूच तर बंद केलं होतं ना हे," प्रकाश म्हणाला.

"मीच बंद केलं, मीच दोन दिवस चालू करून राहिली. तुमच्या पिठाले आमचा हात लागायचा नाही."

तेवढ्यात दोस्तांची गाडी आली. त्यांच्यासमोर आईला खोटं पाडायला त्याची जीभ रेटेना. आम्ही खोलीत गेलो. सविता पडल्या पडल्या झोपली, मिनू मात्र माझ्यावर चिडली.

"आजी, हे किती मागासलेलं आहे. आम्ही कॉलेजात याच्याविरुद्ध बोलतो."

"बोला ना. मी गोठ्याजवळच्या खोलीत तरटावर बसली आहे वं, मले नको सांगू. पण त्या चार दिवसांत मले कोणी चहा नाही मागितला. साऱ्या जन्मात तेवढाच आराम, अन् तोही विटाळ म्हणून. तुले राग याचा येऊ दे."

हे सारं तिनं एक अक्षर न बदलता टाइप केलं.

बाहेर धूर झाला. एक दोस्त खिडकीशी आला. "काकू, पिठात मीठ किती टाकू?"

"माझा शब्दही लागू देऊ नको, बापू. बाटेल पीठ."

रोडगे वरून कोळसा, आतून कच्ची कणीक. शेवटी तिघंही बाजारातल्या खानावळीतून झुणका-भाकर घेऊन आले. तिथलं जेवण साधं, स्वस्त आणि चांगलं आहे, फक्त तासभर आधी सांगून ठेवा.

सकाळी प्रकाशनं आमचा चहा आणला. कप उंबऱ्यात ठेवले आणि बोटानं आत सरकवले. त्याच्या लहानपणी त्याची आजी मला पाणी असंच द्यायची, ते त्यानं पाहिलं होतं. तो आपल्याच बोटाकडे पाहत राहिला.

"आई, मी काहून असा ठेवला?"

मी चहा प्यायले. गोड जास्त झाला होता.

सविता उन्हं वर आल्यावर उठली. आम्ही दोघी देवी पॉइंटला गेलो, धुक्यात दरी दिसलीच नाही, तरी बसून राहिलो. परतताना मोथा गावात रबडी खाल्ली. सविता चमचा चाटत म्हणाली, "आई, मले रात्री स्वप्न पडलं. किती दिवसांनी." काय पडलं ते तिला आठवत नव्हतं. मीही खोदून विचारलं नाही.

आता नागपूर. तिच्या डोळ्यांखालचं काळं जरा उतरलंय. चिखलदऱ्याला जरूर जा, हवा चांगली आहे. पण मी तिथून राग घेऊन आले. सविता थकली म्हणून सांगितलं होतं, तर प्रकाशनं गोवऱ्या भरल्या. विटाळ म्हणून सांगितलं, तर मुकाट्यानं बाजूला झाला.

परवाच्या रविवारी सविता सकाळी उठलीच नाही, झोपून राहिली. प्रकाश माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आई, सविताले पुन्हा..."

"नाही. थकली आहे."

तो तिथंच उभा. त्याला पुढचं कारण हवं होतं. पुढचं कारण नव्हतंच.