काकडी संपवून बोललेला माणूस

केळीवर हरण्या रोग पडला त्या वर्षी, नव्वदच्या आसपास, संशोधन केंद्रातून एक माणूस चोपड्याकडच्या आमच्या बागेत आला होता. नाव त्याने सांगितलंही असेल. मला आठवतं ते त्याचं चालणं. केळीच्या हिरव्या सावलीत तो झोपेत असल्यासारखा संथ फिरे. एखादं पान उन्हासमोर धरी आणि त्यातल्या पिवळ्या पट्ट्यांवरून हळूच बोट फिरवी.

दुपारी आईने त्याला बांधावरच्या वेलाची काकडी मीठ लावून दिली. पहिल्याच घासाला त्याची नजर वेलाकडे गेली. उठून त्याने तिथलं एक पान उन्हासमोर धरलं. मग परत येऊन बसला आणि उरलेली काकडी चवीने खाल्ली. हात पुसून म्हणाला, "अक्का, केळीतला हरण्या या वेलावरूनच आलाय. मावा इथला रस पितो आणि रोग तिकडे नेतो. वेल उपटावा लागेल."

रोज तांब्याने पाणी घातलेला तो वेल आईने त्याच्यासमोरच उपटला.

तो पुन्हा कधी आला नाही. पण काकडी चिरताना आई अजून म्हणते, जणू तो आत्ताच उठून गेलाय, "बठ्ठी काकडी खादी, मंगच बोलना. मानूस चांगला शे."