दिग्रस ते जेद्दा, पाच तास

दिग्रसच्या जिनिंगमधला फिटर रहेमानभाई बोलण्यात तसा कंजूस. पण मुलगा साद जेद्दाला कामाला गेला आणि या माणसाला वाचा फुटली. चहाच्या टपरीवर तो सांगे, मुंबईहून उडालं की पाच तासांत जेद्दा. साडेतीन हजार किलोमीटर! आपली एसटी तेवढ्यात नागपूरला पोचली तर पोचली. कापसाचे ते बुडीत हंगाम. जिन एक दिवस चाले, चार दिवस निजे, त्यामुळे ऐकायला सगळ्यांना वेळच वेळ. कापूसवाले पुंडलिकराव रोज चिमटा काढत, "मंग साद्याले दुपारच्या च्याले बोलाव ना, रहेमानभाई."

आता खरं सांगायचं तर हे पाच तास टपरीसाठी नव्हतेच. ते होते रहेमानच्या आईसाठी, रौशनबीसाठी. नातू तिच्या मांडीवर वाढलेला. तो गेल्यावर म्हातारी जेवेना. तेव्हा रहेमानने तिची समजूत घातली होती, की पाच तासांची तर वाट, पोरगं इथं शेजारी उमरखेडला गेलंय असंच धर, हाक मारली की येईल. म्हातारी जेवली, आणि मोहल्लाभर, अगदी फोनवर सादलाही, हेच सांगत सुटली. मग आईला खोटं पाडायचं कसं? टपरीवरही तेच रेटणं आलं.

एका पहाटे रौशनबी गेली. सादचा फोन आला: दादीच्या कबरीला मिट्टी द्यायला मी निघतोय, थांबा. मयताला ताटकळत ठेवू नये, हा मोहल्ल्याचा दंडक. तरी बुजुर्ग म्हणाले, पाच तासांचा तर प्रश्न, दुपार कलतानाच्या असरच्या नमाजेपर्यंत थांबू. रहेमाननेच तर सांगितलं होतं.

रहेमान भिंतीला टेकून बसला होता. सादचा पासपोर्ट तिथल्या मालकाच्या कपाटात. तो सुटायचा, मग परवानगीचा शिक्का, मग तिकीट, विमान, मुंबईहून रेल्वेने अकोला, तिथून एसटी. हे सारं त्याला पहिल्यापासून ठाऊक. दुपार चढत गेली, मयताजवळची बर्फाची लादी वितळत गेली. लोक रस्त्याकडे बघत होते, आणि त्यांचं ते बघणं त्याला सोसवेना. शेवटी तो भिंतीला धरून उठला.

"थांबू नका," तो म्हणाला. "जेद्दा लय दूर हाय."

बुजुर्ग उठले आणि मयत उचलायच्या तयारीला लागले. पुंडलिकरावांनी चिमटा न काढता पुढे होऊन खांदा दिला, आणि दिग्रसमध्ये असं सहसा होत नाही.

साद तिसऱ्या दिवशी उतरला. एसटीच्या धुळीने केस पांढरे, डोळे सुजलेले. स्टँडवर बाप होता आणि सोबत पुंडलिकराव. जिभेची सवय कुठे जाते? ते विचारून बसले, "किती वेळ लागला रे बाप्पा?" आणि मग स्वतःच खाली बघू लागले.

सादने बापाकडे पाहिलं.

"पाच तास, काका."

पुंडलिकरावांनी वाद घातला नाही. त्याच्या हातातली बॅग घेतली आणि कबरस्तानच्या वाटेने पुढे चालू लागले.