फॉरेनबाबूंची पट्टी

नमस्काराशिवाय आलेला निरोप फॉरेनबाबू स्वीकारत नसत. कुणी तणतणत ओसरीवर आलं आणि "बाबूजी, त्याले सांगून द्या, उद्यापासून..." म्हणालं, की ते चष्मा कपाळावर चढवायचे. "थांब. आधी त्याची तब्येत विचार. मंग दे शिव्या. कोन नाई म्हनते?"

लाखनीत सडकेला लागून त्यांचं घर होतं. जड ट्रक गेला की खिडकीच्या काचा वाजायच्या. फॉरेनबाबू हे नाव गावानं ठेवलेलं. स्वतः त्यांनी समुद्रसुद्धा पाहिला नव्हता. देश स्वतंत्र झाला तेव्हा ते पंचविशीत होते. दिल्लीला जाऊन परराष्ट्र खात्यात टायपिस्ट म्हणून लागले आणि १९८०च्या सुमारास पेन्शन घेऊन गावी परतले. आम्ही पोरी मोठ्या आशेनं दिल्लीच्या गोष्टी विचारायचो. ते सांगायचे, "टेबल एक, मानसं तीन. कागद जुनेच, वर इंग्रजाच्या राजाचा मुकुट. मी पट्टी धरून लाल शाईनं मुकुट खोडत बसायचो. पयले दोन महिने तेच काम." मला तेव्हा हसू यायचं. आता वाटतं, नव्या देशाची ओळख जगाला करून द्यायची आणि हाताशी हे असे कागद. बसून मुकाट खोडणारं कुणीतरी लागलंच असणार.

ती लाकडी पट्टी त्यांनी गावी आणली होती. एवढ्या वर्षांत सरकारची तेवढी एकच वस्तू त्यांनी लांबवली असावी.

मी नववीत असताना बोडीचं, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याचं, पाणी आधी कुणाच्या धानाला, यावरून बाबा आणि मोठेबाबा यांचा अबोला झाला. सख्खे भाऊ, एकच अंगण, पण मध्ये कुडाची भिंत आली. मला सायकल शिकवली ती मोठेबाबांनी. ते समोरून मान फिरवून जायला लागले, तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन रडले होते. बाबूजींनी दोघांनाही वेगवेगळं बोलावून बजावलं, "दोन देशाचं बोलनं तुटलं का कागद तिसऱ्याच्या घरून जाते. अबोला धरा, पन कागद बंद करू नोका."

पद्धत त्यांनीच घालून दिली. वर नमस्कार आणि खुशाली. मग बाबूजी पट्टी ठेवून लाल रेघ मारत. रेघेखाली भांडण. लिहिणाऱ्यानं त्यांच्या ओसरीवर बसून लिहायचं. पन्नास पावलांवरच्या घरी कागद पोचवायला बाबूजी बंद गळ्याचा कोट घालून निघायचे, मे महिन्यातसुद्धा. पहिल्या कागदावर वर नुसतं 'नमस्कार' होतं आणि खाली पानभर जाळ. पुढं नमस्काराला शेपूट फुटलं. बैलाचा पाय कसा आहे? वहिनीचा खोकला गेला का? वर्षागणिक रेघ खाली खाली सरकत गेली. पण कुडाची भिंत जागची हलली नाही.

मग माझं लग्न ठरलं, तुमसरचं स्थळ. मोठेबाबांशिवाय मांडवात उभं राहायला माझं मन तयार होईना. बाबांनी कागदात लग्नाची तारीख लिहिली. 'या' असं काही त्यांच्या हातून लिहिलं जाईना. मी बाबूजींचे पाय धरले. "तुम्हीच एक ओळ घाला ना."

ते एवढे रागावलेले मी कधी पाहिले नव्हते. "पदरचं एक अक्षर घातलं का तिसऱ्याची इज्जत गेली! तुह्या बापानं लिवलं तेवढंच जाईन." मीही रागानं चार दिवस त्यांच्याकडे फिरकले नाही.

पाचव्या दिवशी राहवेना म्हणून गेले, तर ओसरीवर मोठेबाबा लिहीत बसलेले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. लिहायला बराच वेळ लावला. बाबूजींनी दौत पुढं ओढली, पट्टी उचलली. "कुठं मारू रेघ?"

"राहू द्या, बाबूजी," मोठेबाबा म्हणाले. "खाली काही नाई."

बाबूजींनी कागद वाचला. 'नमस्कार. गुडघा कसा आहे? पोरीच्या मांडवाले जांभळीच्या डाहाळ्या मी आणतो.' एवढंच होतं. त्यांनी कागदाची घडी केली. कोटाकडे हात जाईल असं मला वाटलं, पण घडी त्यांनी मोठेबाबांच्याच हातात ठेवली.

"मंग हे माह्या हातून कायले धाडतं? सोताच घेऊन जाय."

मोठेबाबा उठले. पन्नास पावलं. मी मागं मागं गेले. बाबा दारातच उभे होते. त्यांनी कागद उघडलाच नाही, भावाला आत घेतलं.

लग्नात बाबूजी मागच्या पंगतीत पाहुण्यांमध्ये बसून जेवले आणि कुणाला न सांगता निघून गेले. मला फार लागलं ते. पाठवणीच्या वेळी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी कुणीतरी माझ्या हातात दिलं. बाबूजी माझ्यासाठी ठेवून गेले होते.

बाबूजी वारल्याचं तुमसरला कळलं, तेव्हा उशीर झाला होता. पट्टी माझ्याकडे आहे. कडेला लाल शाई अजून दिसते. त्यातली राजाच्या मुकुटाची कोणती आणि आमच्या भांडणाची कोणती, ते आता ओळखू येत नाही.