जायफळ झोंबत नाही

काकूंच्या नाकाबद्दल गल्लीत इतक्या कथा होत्या की त्यातल्या निम्म्या खोट्या धरल्या तरी उरलेल्या ऐकून माणसाने थक्क व्हावं. शेजारणीचं दूध करपायला लागलं की तिच्या आधी काकूंना कळायचं आणि त्या खिडकीतून ओरडायच्या, "अगं, खाली लागतंय बघ!" पिठाचं पोतं न उसवता, वरूनच हुंगून त्या परत पाठवायच्या आणि एरवी जगाशी भांडणारा पिठवाला इथे मुकाट्याने पोतं खांद्यावर टाकायचा. लेकाने तरुणपणी एकदा पार स्टेशनापलीकडे जाऊन सिगारेट ओढली, वर संत्रं खाल्लं, आणि दारातच पकडला गेला. "संत्रं कशाला खाल्लंस रे?" एवढंच काकूंनी विचारलं. त्यानंतर त्याने सिगारेटच काय, संत्रंही सोडलं.

घरचीच बेकरी. पुढे दुकान, मागे भट्टी आणि भट्टीच्या पाठीला चिकटलेली एक अरुंद खोली. भट्टीची भिंत त्या खोलीलाही ऊब द्यायची, म्हणून मसाला तिथे व्हायचा. भट्टी आयुष्यभर काकांनी सांभाळली होती. आता ती लेकाच्या हातात होती, तरी काका पहाटे उठून पेटवायला यायचेच. नाकासमोर चालणारा माणूस. बोलणं इतकं कमी की पाहुण्यांना वाटे, यांचं काहीतरी बिनसलंय. काकू म्हणायच्या, "आमच्यात बोलायचं काम माझं. ह्यांचं काम हुंकार द्यायचं, तेही आठवण केली तर."

वर्षभर दुकानात साधाच माल असे. पण रस्त्यावरची झाडं पिवळी पडायला लागली, पानं उडून दुकानाच्या पायरीशी जमायला लागली आणि सकाळी हात चोळावेसे वाटायला लागले, की लोक विचारत, "मसाल्याचं कधी?" म्हणजे भोपळ्याचा केक, सफरचंदाचे बन, मधाची बिस्किटं आणि या सगळ्यात पडणारा काकूंचा मसाला.

तो करायची त्यांची एक रीत होती. दालचिनी, सुंठ, लवंग, मिरी, वेलचीचे दाणे हे सगळं पत्र्याच्या ताटांत पसरून भट्टीच्या माथ्यावर ठेवायचं, पण सकाळचा माल निघून विस्तव ओढून घेतल्यावर. धगीवर नाही, धग गेल्यावर उरते त्या उबेवर. मग खलबत्त्यात कुटायचं, बारीक चाळणीने चाळायचं. जायफळ मात्र सगळ्यात शेवटी, कच्चंच, किसणीवर. आणि माप? माप नव्हतंच. दरसालची दालचिनी वेगळी, दरसालची सुंठ वेगळी, मग माप तेच कसं चालेल, असं काकूंचं म्हणणं. त्या एकेक पूड परातीत टाकत जायच्या, वाकून हुंगायच्या, पुन्हा टाकायच्या. कधीतरी एकदम सरळ व्हायच्या आणि म्हणायच्या, "झालं."

यंदा पावसाळ्याच्या शेवटी काकूंना सर्दीताप झाला. ताप गेला, सर्दी गेली, आणि जाताना वास घेऊन गेली. आधी त्यांना वाटलं, कॉफी शिळी आहे. दुकानदाराला चार शब्द सुनावूनही झाले. मग साबण हुंगला, रॉकेलचा डबा हुंगला. शेवटी लवंगांच्या डब्यात नाक घातलं. नाकाच्या आत कुठेतरी नुसतं चुणचुणलं, बस्स. एवढ्या वर्षांचं घर, आणि कुणीतरी येऊन त्यातलं सामान रातोरात हलवल्यासारखं झालं त्यांना.

त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. गाणाऱ्याचा गळा बसला तर लोक हळहळतात. आपलं नाक गेलं म्हटलं तर लोक हसतील, असं त्यांना वाटलं. आणि मसाल्याशिवाय या बेकरीत आपण कोण, हा प्रश्न त्यांना त्या दिवसांत पहिल्यांदाच पडला.

पहिला मसाला त्यांनी जिभेवर केला. वास नसला तरी झोंबणं शाबूत होतं. सुंठ घशाला जाळते, मिरी चावते, दालचिनी गोडसर तापते, वेलची गार लागते, लवंग जीभ बधिर करते. डोकं काही वाईट चाललं नव्हतं. फक्त एक गोष्ट त्या विसरल्या. पहिल्या चिमटीलाच लवंगेने जीभ बधिर केली, आणि बधिर जिभेला पुढची लवंग कशी कळणार? काकूंना ती कमीच वाटत राहिली आणि त्या टाकतच राहिल्या.

शेजारचा घड्याळं दुरुस्त करणारा दरवर्षी पहिला केक खायचा. जिभेला हाड नसलेला माणूस. दोन घास खाऊन त्याने गालावर हात ठेवला.

"वहिनी, माझी दाढ कधीची ठणकत होती. थांबली की हो!"

दुकानात हशा पिकला. काकूही हसल्या, आणि हसत हसतच आत निघून गेल्या.

लेक मागोमाग आला. तो रागावला असता तर काकूंनी त्याला उभाआडवा घेतला असता, पण तो रागावला नव्हता. तो समजुतीच्या सुरात बोलत होता, तेच वाईट होतं.

"आई, कशाला आता दगदग करतेस? तयार पूड मिळते बाजारात. उद्याची भट्टी मोठी आहे, मी आजच घेऊन येतो."

"आण," काकू म्हणाल्या. "पण तू येईपर्यंत माझा मसाला जमला, तर तुझी पूड तुझ्याजवळ ठेव."

"आणि नाही जमला तर?"

"तर यापुढे दरवर्षी तूच आणत जा."

लेक गेला. काकूंनी ताटं काढली. या वेळी त्या शहाण्या झाल्या होत्या. प्रत्येक चिमटीनंतर पावाचा तुकडा चावायच्या, चूळ भरायच्या, जीभ ताळ्यावर आली की मगच पुढची चिमूट. सुंठ जमली. मिरी जमली. दालचिनी, वेलची जमली. लवंग तर त्यांनी जन्माचा धडा शिकल्यागत टाकली. मग जायफळ हातात घेतलं, किसलं, जिभेवर ठेवलं, आणि वाट बघत बसल्या.

जायफळ झोंबत नाही. जाळत नाही, चावत नाही, गार लागत नाही. त्याचं जे काही आहे ते सगळं वासात. जिभेवर लाकडाचा भुसा ठेवावा तसं ते पडून राहिलं. आणि तेच तर सगळ्यांना एकत्र बांधणारं. काकू किसणी मांडीवर ठेवून रडायला लागल्या.

"किती लागतंय?"

दारात काका उभे होते.

"काय किती लागतंय?" काकूंनी डोळे पुसले. "डोळ्यात पूड गेली माझ्या."

"जायफळ," काका म्हणाले. "वास येत नाही ना तुला?"

काकू बघतच राहिल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"परवा एक पाव मुद्दाम करपवला मी. तू शेजारी बसून वेलच्या सोलत होतीस. ओरडली नाहीस."

"मग तेव्हाच बोलायचं ना!"

"म्हटलं, तू सांगशील."

आयुष्यभर आपण एकट्यानेच बोलत आलो याचा काकूंना एकदम राग आला. "बरं, कळलं ना? मग जा आता. तुम्हाला काय त्यातलं? तुमचं सगळं आयुष्य धुरात गेलं."

काका गेले नाहीत. ते आत आले, परातीवर वाकले आणि मान हलवली. "ही तू नाहीस."

"म्हणजे?"

काका अडखळत बोलायला लागले. त्यांना सवय नव्हती. "मी भट्टीकडे तोंड करून उभा असायचो. या दिवसांत तू मागून आलीस की मला वळावं लागायचं नाही. केसांना, बाह्यांना हाच वास. तू आलीस, हे आधी माझ्या नाकाला कळायचं." मग ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, पाठमोरे, भट्टीपुढे राहायचे तसे. "किस. आणि मागून ये."

हा माणूस खुळा झाला, असं काकूंना वाटलं. पण दुसरा उपाय कुठे होता? त्यांनी जायफळ किसलं, मिसळलं, चिमूटभर पूड हातांवर चोळली आणि मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"नाही," काका म्हणाले. "ही दुसरीच कुणीतरी."

"कोण दुसरी?"

"कोण जाणे. फार ओळख नाही."

काकूंना रडता रडता हसू फुटलं. त्यांनी आणखी किसलं. पुन्हा मागे उभ्या राहिल्या.

"जवळ आलीस. पण तुझी आई गेली त्या वर्षीची आहेस. त्या वर्षी जायफळ असंच कमी पडलं होतं."

काकूंच्या हातातली किसणी थांबली. "कमी पडलं होतं? सगळे तर वाहवा करत होते."

"लोकांना नाही कळलं. तुलाही नाही." काका भिंतीशीच बोलत होते. "लेकाच्या वेळी तुला वेलची सोसत नव्हती, तेव्हा ती जवळजवळ नव्हतीच. माझ्या बहिणीशी भांडलीस त्या साली मिरी."

"आणि तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत?"

"बोलायचं काय त्यात? त्या वर्षी तू तशी होतीस."

सगळ्या गल्लीने ज्या नाकाचं कौतुक केलं ते घेऊन काकू या घरात मिरवल्या होत्या, आणि याच घरात, भट्टीच्या धगीत, एक माणूस त्यांचं वर्षन्वर्ष हुंगून मनात ठेवत होता. आपल्याला स्वतःला न कळलेलं आपलं दुःख याला कळलं होतं. त्यांना डोंगराच्या पायथ्याशी उभं राहिल्यासारखं वाटलं. आणि हा डोंगर रोज आपल्या ताटाला ताट लावून जेवत होता! त्यांनी हातातलं जायफळ पुन्हा किसणीवर धरलं. परातीतली पूड बोटांनी वरखाली केली, तळव्यांवर चोळली आणि पावलं न वाजवता त्या काकांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

काकांचे खांदे सैल पडले.

"आलीस," ते म्हणाले.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. लेक बाजारातून आला होता. तो दुकानातून आत येता येता मध्येच थांबला. मसाल्याच्या खोलीच्या दारात आला तेव्हा पुडीची पिशवी त्याने पाठीमागे धरली होती, सिगारेट लपवावी तशी.

"आई, पायरीवर लोक थांबलेत. विचारतायत, आजच मिळेल का म्हणून."

"त्यांना सांग, उद्या," काका म्हणाले. लेक चमकून बापाकडे बघत राहिला आणि मग हळूच निघून गेला.

काकूंनी ओंजळ भरून मसाला उचलला आणि नाकाशी नेला. काही नव्हतं. फक्त ती आतली चुणचुण. त्यांनी ती ओंजळ काकांपुढे धरली.

"अहो," त्या म्हणाल्या, "कशी आहे मी? सांगा ना. सगळं सांगा."

काका खाली बसले आणि सांगायला लागले.