कुंडलच्या लग्नातला आवाज

“घरचं काहीच निघत नाही, मावशी,” दुकानदार म्हणाला. “तेवढा भाग पार गेलाय.”

सून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मी बाकावर बसले होते. उंब्रजपासून सांगलीपर्यंत एसटीत बसून गुडघे आखडले होते. मला त्या वेळी कळत होतं ते तेवढंच.

माझा मुलगा लग्नांचं शूटिंग करायचा. काढलेलं सगळं साबणाच्या वडीपेक्षा थोड्या मोठ्या एका काळ्या डबीत ठेवायचा. तिला हार्डडिस्क म्हणतात. घरचंही त्यातच होतं, नातीचं बारसं धरून. हायवेवर गाडीनं त्याला उडवलं तेव्हा फोनचाही चुरा झाला. नात तेव्हा पाळण्यात होती. आता ती बोलते. बाबा कसा बोलायचा, असं तिनं एकदा विचारलं आणि सून डबी शोधायला उठली.

फोटो आहेत त्याचे, पण थोडे. कॅमेऱ्यामागचा माणूस फोटोत येत नाही. आवाज मात्र येतो. बारशात तो सारखा बोलत होता, मला आठवतं. सुनेला तेवढाच आवाज हवा होता.

डबी लावली तर आतून टकटक वाजायला लागलं. गावातल्या दुकानात दिवसभर लावून बघितली, त्यानं आणखी बिघडली. मग सांगलीचं हे दुकान कुणीतरी सांगितलं. डबी द्यायला पहिल्यांदा आलो तेव्हा दुकानदारानं वरचं झाकण काढलं आणि टेबलावर लाल भुकटी सांडली.

“हे काय?”

“कुंकू,” मी म्हणाले.

“कुंकू? आणि पाणीपण गेलंय आत. गंज बघा. देवाला आंघोळ घातली का काय?”

तो हसला. आम्ही हसलो नाही, तेव्हा त्यानं फडक्यानं टेबल पुसलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. आधी विळा, खुरपं असायचं, मुलगा कमवायला लागल्यावर कॅमेरे आले. तो पाटावर सगळं मांडायचा. तो गेला त्या वर्षी सण केला नाही. पुढच्या वर्षी ह्यांनी केला. पोरगा गेल्यापासून माझा नवरा खाटेवरून धड उठत नव्हता. त्या दिवशी अंघोळ करून, टोपी घालून बसला. पाट मांडला. कॅमेरा, दिवे, काळी डबी. फुलानं पाणी शिंपडलं, हळद-कुंकू वाहिलं. सढळ हातानं. डबी तशीच ओली कपाटात गेली.

त्या पहिल्या खेपेला परत येताना सून एसटीत म्हणाली, “आत्या, मला ठावं होतं.”

“काय?”

“डिस्कला पाणी चालत न्हाई. हे असताना दरसाल ती काढून ठेवायचे. पाटावर नुसती तिची पिशवी असायची. पूजा पिशवीची व्हायची.”

“मग बोलली का न्हाईस?”

“मामा कवा नव्हं ते खाटेवरनं उठले होते. त्यांचा हात कसा धरू?”

मीही तिथंच होते. मला माहीत असतं तर मीही धरला नसता.

तर आता दुकानदार सांगत होता की घरचं गेलं. “लोकांची लगनं निघालीत थोडी. देऊ का ती?”

“त्यांचं आमी काय करू?” मी म्हणाले.

सून म्हणाली, “लावा एक.”

त्यानं लावलं. कुंडल गावातलं लग्न होतं, कुणाचं ते आम्हाला ठाऊक नाही. नवरीला हळद लावत होते आणि हिरव्या लुगड्यातली एक जाड बाई मधेच पाठ करून उभी होती. कॅमेरा डावीकडं गेला, उजवीकडं गेला. बाई हलेना. मग कॅमेऱ्यामागून आवाज आला.

“आवं मावशी, सरका की जरा. तुमचं लगीन झालंय, आज हिचं हाय.”

बायका हसल्या. जाड बाई वळून म्हणाली, “व्हय रं, माझाबी काढ की एक!”

“काढतो, काढतो. आधी नवरी दिसू द्या.”

एवढंच. पुढं सनई होती.

सुनेनं तेवढं फोनमध्ये घेतलं. दुकानदारानं डबी परत दिली, मी ती पिशवीत टाकली. टाकून का दिली नाही, माहीत नाही.

घरी ह्यांनी खाटेवरून विचारलं, “निघालं का?”

“निघालं,” मी म्हणाले. पूजेतल्या पाण्याचा विषय आम्ही दोघींनी कधी काढला नाही.

नातीनं फोन कानाला लावून ऐकलं. “बाबा कुणाला रागावतोय?”

“एका मावशीला,” सून म्हणाली.

“कुठली मावशी?”

नातीनं परत लावलं. ह्यांनी खाटेवर कूस बदलली. मी भाकरी थापायला बसले.

मुलगा गेला. हे, मी, सून आणि नात, आम्ही चौघं आहोत.