दोन चांदण्यांची टीप

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये आयुष्यभर एकही खोटं वाक्य न लिहिलेला माणूस या भूतलावर एकच झाला, तो इलेक्ट्रॉनिक सिटीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, आणि दुर्दैवाने तो माझा साडू आहे. दुर्दैवाने अशासाठी, की त्याच्या सत्यवचनांचा ग्रंथ ज्या यंत्राने छापला, त्या यंत्राची कळ मी दाबली.

आमचे साडू मूळचे निपाणीकडचे. बोलण्याचा त्यांना मनापासून कंटाळा. रिक्षावाला, दूधवाला, डॉक्टर, सासुरवाडी, सगळ्यांसाठी मिळून त्यांच्याकडे दोनच कानडी शब्द: ‘स्वल्प’, म्हणजे थोडंसं, आणि ‘सरी’, म्हणजे बरं. एकदा देवनहळ्ळीजवळच्या विमानतळावरून ते मला घरी घेऊन आले. दोन तासांच्या वाटेत मी माझ्या सगळ्या प्रवासाचं रसभरित वर्णन केलं, अभिनयासह. घराखाली उतरताना विचारलं, “काय, मजा आली ना ऐकून?” साडू प्रामाणिक. म्हणाले, “स्वल्प.”

पण बोलत नाहीत म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, असं मुळीच नव्हे. ते सगळं लिहितात आणि ज्या वस्तूविषयी लिहिलं तिच्यावरच चिकटवतात. त्यांच्या घरातल्या कुकरवर चिठ्ठी आहे: ‘तिसरी शिट्टी खोटी. धरू नये.’ गीझरवर आहे: ‘डावं बटण शोभेचं.’ दाराच्या आतल्या बाजूला आहे: ‘किल्ली घेतली असं वाटतं, पण घेतलेली नसते.’ माझी मेव्हणी म्हणते, “दुसऱ्यांचे नवरे बोलतात, भांडतात. आमचे चिकटवतात.”

आम्ही दोघं एकाच कंपनीत. मी तिथला दस्तऐवज लिहिणारा, म्हणजे दुसऱ्याने बनवलेलं यंत्र कसं चालवावं हे तिसऱ्याला समजावणारा. साडू जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्रॅम लिहितात. बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात कुठलं यंत्र चालू आणि कुठलं बंद, हे दाखवणारा पडदा त्यांनी एकट्याने बनवला आणि दहा वर्षं एकट्याने सांभाळला. कुकरवर चिठ्ठ्या लावणारा माणूस प्रोग्रॅमला कसा सोडेल? कोडची ओळ एक, तर तिच्या डोक्यावर, पुढे वाचणाऱ्या माणसासाठी, टीप सहा ओळींची. मुद्द्याचं इंग्रजीत आणि मनातलं मराठीत. ‘हे फंक्शन आकडा घेतं आणि आकडा देतं. मध्ये काय होतं ते मलाही खात्रीनं सांगता येत नाही, पण तक्रार नाही.’ ‘पुढच्याने ही ओळ काढू नये. मी तीनदा काढली. तिन्ही वेळा कारखाना चालू होता आणि पडद्यावर मेला.’ ‘हे नाव मॅडमनी ठेवलं. मी विरोध केला नाही.’ ‘उत्तर बहुधा बरोबर. शनिवारी पाहून घ्यावं.’

मग त्या मॅडमनी, म्हणजे आमच्या मैसूरच्या साहेबीणबाईंनी, एक दिवस फर्मान काढलं. साडूंचं काम नव्या टीमकडे जाणार. त्यासाठी संपूर्ण दस्तऐवज हवा. तो कारखान्याच्या साहेबांनी वाचायचा, ‘एवढ्यावर भागेल’ म्हणून सही करायची, आणि सही झाली की साडूंची खुर्ची रिकामी. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी हे सांगताना साडूंसाठी कॉफी मागवली होती. साडू म्हणाले, “सरी.”

एवढा दस्तऐवज हाताने लिहायला मला वर्ष लागलं असतं, आणि मी तेवढं लावलंही असतं. पण हल्ली एक साधन असतं. ते कोड वाचतं, त्यातल्या टिपा वेचतं आणि त्यांचं सुबक पुस्तक करून देतं. सगळ्या टिपा नाही वेचत. दोन तिरप्या रेघा मारून लिहिलेली खाजगी टीप ते सोडून देतं. तिरपी रेघ आणि पुढे दोन चांदण्या अशी सुरुवात असेल, तरच ‘ही लोकांसाठी आहे’ असं समजून छापतं. सगळ्या जगातले प्रोग्रॅमर मनातलं लिहिताना रेघा मारतात. आमचे साडू मात्र सगळीकडे दोन चांदण्या काढत आले. कारण विचारलं तर म्हणाले, “अण्णा, नुसत्या रेघांनी वाक्य अनवाणी उभं राहिल्यासारखं वाटतं.”

मी कळ दाबली. चार मिनिटांत चारशे पानं. अनुक्रमणिका, सूची, सगळं झकास, आणि पानोपानी साडूंचं काळीज. मी चाळलं आणि तडक साडूंकडे धावलो. “अहो, निदान मराठी तेवढं काढून टाका,” मी हात जोडले. “आणि थोडं इंग्रजीही काढा की. इतकं सविस्तर दिलंत तर तुमची गरज कुणाला राहील?”

साडूंनी बराच विचार केला. “मराठी काढलं तर खालचं इंग्रजी का लिहिलंय ते कळत नाही. आणि इंग्रजी काढलं तर नवी पोरं ती ओळ काढतील. कारखाना बंद दिसेल.”

“दिसू दे. मग तुम्हाला परत बोलावतील.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुकरची तिसरी शिट्टी आहे.

सहीसाठी ठरलेल्या बैठकीच्या दिवशी कारखान्याचे साहेब आले. मूळचे इचलकरंजीचे, दणकट, शर्टाच्या खिशात चार पेनं. त्यांनी पुस्तक पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, “बाकी असू दे. पडद्यावर ते बंद मशिनीला त्रिकोण आणि चालूला गोल येतंय न्हवं, ते कुठं लिवलंय दाखवा. नव्या लोकांनी ते बदललेलं मला चालायचं न्हाई.”

त्या त्रिकोण-गोलांचं मॅडमना फार कौतुक. सगळं जग लाल-हिरवे दिवे लावतं, आमच्याकडे आकार. आधुनिक शैली म्हणून त्या सगळ्यांना दाखवत. मी साहेबांची मागणी इंग्रजीत सांगताच त्यांनी उत्साहाने ते पान प्रोजेक्टरने भिंतीवर लावलं.

आणि साडू उठले. दहा वर्षांत बैठकीतून आपण होऊन न उठलेले साडू तडक प्रोजेक्टरच्या झोतात जाऊन उभे राहिले. उपयोग एवढाच झाला, की भिंतीवरची अक्षरं त्यांच्या पांढऱ्या शर्टावर आली आणि जास्तच ठळक दिसू लागली. साहेबांनी पुढे वाकून ती शर्टावरूनच वाचली. मीही वाचली.

‘रंगाऐवजी आकार वापरले आहेत. साहेबांना लाल-हिरवं वेगळं दिसत नाही. त्यांनी सांगितलेलं नाही, मी पाहिलं आहे. पडद्यासमोर आले की चष्मा पुसतात आणि शेजारच्याला विचारतात, काय म्हणतंय. आकार केल्यापासून विचारत नाहीत. कृपया हे कुणाला सांगू नये.’

“काय लिहिलंय त्यात?” मॅडमनी मला विचारलं. खोलीत मराठी येणारे आम्ही तिघंच.

“आकारांची मापं आहेत,” मी म्हणालो. दस्तऐवजाच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण इतकं चोख खोटं मी कधी लिहिलंही नव्हतं.

साडू तसेच उभे होते, डोळ्यांवर उजेड, अंगावर अक्षरं. साहेबांनी पुस्तक पुढे ओढून शेवटची काही पानं उलटली. मला वाटलं, नाही करणार सही. मनातल्या मनात मी मेव्हणीला फोनही लावला होता. पण पुस्तकात खरंच काही राहिलं नव्हतं. कुठली ओळ का आहे, कुठली काढू नये, शनिवारी काय पाहावं, सगळं होतं. एवढ्यावर भागणारच होतं. साहेबांनी खिशातल्या चारांपैकी एक पेन काढलं आणि सही केली.

मॅडमनी टाळ्या वाजवल्या. साडूंनी प्रोजेक्टर बंद केला, वायर नीट गुंडाळली आणि त्यांच्या सवयीने ‘सरी’ म्हणायला तोंड उघडलं. तेवढ्यात पेनाचं टोपण हातातच धरून बसलेले साहेब, कुणाला उद्देशून नाही, पण चांगले मोठ्याने बोलून गेले, “सगळं लिवलंय खरं. पण आता माझ्याकडं बघायला कोण ऱ्हायलं?”