चाळीस दारांची मोजणी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतकी अमेरिकेची काळजी खुद्द अमेरिकेतही कुणी केली नसेल. फरीदाबादच्या दोन खोल्यांत, बनियनवर पंख्याखाली बसून, हा माणूस शिकागो, ह्यूस्टन, फिनिक्स अशा शहरांत पुढच्या पन्नास वर्षांत किती माणसं राहतील हे काढत असे. स्वतः ते कधी पुण्याच्या पलीकडे गेले नव्हते. नोकरी जनगणनेच्या कचेरीत झाली. निवृत्तीनंतर मोजायला इथली माणसं उरली नाहीत, म्हणून त्यांनी तिकडची घेतली. बाजार खुला झाल्याचे ते दिवस. घरोघरी केबल आलेली, ज्याचं त्याचं कुणीतरी अमेरिकेला निघालेलं. काका लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर आलेख काढत आणि त्या शहरांबद्दल नात्यातल्या पोरींबद्दल बोलावं तसं बोलत. "ह्यूस्टन अंगानं भरतंय हो. शिकागोचं मात्र खाल्लेलं अंगी लागत नाही." फिनिक्सच्या महापौरांना त्यांनी, पाण्याची सोय आत्ताच करा, पुढे धावपळ होईल, असं रजिस्टर्ड पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही, त्याचंही त्यांना वाईट वाटलं नाही. "गडबडीत असणार. माणसं वाढतायत ना!"

नाकासमोर मात्र त्यांना काही दिसत नसे. आमच्या शेजारच्या मल्होत्राजींनी एकदा जिन्यात गाठून विचारलं, "काकाजी, अमेरिका छोड़ो यार, गुड़गाँव में प्लॉट ले लूँ क्या?" काकांनी चष्मा पुसला, विचार केला आणि म्हणाले, "वहाँ तो सरसों के खेत हैं. सरसों ही रहने दो." मल्होत्राजींनी ऐकलं. पुढे त्या मोहरीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि मल्होत्राजी काकांना जिन्यात पाहिलं की पुन्हा वर चढून जात. मी हे सगळं हसत सांगतोय, कारण यापुढचं मला हसून सांगता येणार नाही.

काकांचा छापील आकड्यांवर विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं, शहर वाढतंय की वाळतंय हे दारांवरून कळतं. त्यासाठी एक गल्ली धरायची, रविवारी सकाळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायचं, प्रत्येक दारासमोर थांबायचं आणि लिहायचं: नांदतं, कुलूपबंद, ओस. अमेरिकेला जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात ते लाडवांच्या डब्याआधी असा हाताने आखलेला फॉर्म ठेवत. लोक समोर हो म्हणत आणि विमानतळावर टाकून देत. कचेरीतले दोन नियम त्यांनी घरी आणले होते. आपल्या गल्लीची मोजणी आपण करायची नाही, कारण आपल्या दाराकडे माणूस मायेनं बघतो. आणि टेबलावर बसून भरलेला फॉर्म म्हणजे पाप. हा शब्द ते एरवी उंदीर मारण्यासाठीसुद्धा वापरत नसत.

मी तेव्हा मानेसरच्या एका गाड्यांच्या पार्ट्सच्या कारखान्यात होतो. कंपनीनं मला पंधरा दिवसांसाठी डेट्रॉइटला पाठवलं. काकांची मुलगी आणि जावई तिथेच भाड्यानं राहत होते आणि त्याच गल्लीत घर घ्यावं की ह्यूस्टनला निघून जावं, या पेचात होते. मुलगी फोनवर म्हणाली होती, "बाबा, तुम्ही सांगाल तसं." काका फॉर्म घेऊन खाली आले. एरवी मला हाक मारून बोलावणारा माणूस, त्या दिवशी दारात उभा राहिला. "इंजिनिअर, एवढं कराल? चाळीसच दारं आहेत."

मी गेलो नाही. रविवार होता, बाहेर बर्फ होता आणि मॉलमध्ये जीन्सचा सेल होता. फॉर्म मी परतीच्या विमानात, जेवणाच्या फळीवर भरला. छत्तीस नांदती, चार कुलूपबंद. ती चार कुलपंसुद्धा खरं वाटावं म्हणून घातली, आणि घालताना स्वतःच्या हुशारीवर खूश झालो होतो. काकांनी आलेख काढला, मुलीला फोन केला आणि तिनं घर घेतलं.

तीन वर्षांत ती गल्ली रिकामी झाली. जावयाची नोकरी ह्यूस्टनला गेली, तोही तिकडे गेला, पण घर कुणी विकत घेईना. मुलगी लहान लेकीला घेऊन ओस घरांच्या मधोमध दोन हिवाळे एकटी राहिली. काकू फोन ठेवून रडायच्या ते आम्हाला खाली ऐकू यायचं.

एकदा मनाचा हिय्या करून मी वर गेलो. सांगून टाकायचंच, असं जिन्यात दोनदा घोकलं. काका आलेखांचे गठ्ठे सुतळीनं बांधत होते, रद्दीवाला यायचा होता. "झालं हे," ते म्हणाले. "छत्तीस दारं नांदती होती, तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत. तरी मला पुढचं दिसलं नाही. म्हणजे गणित माझंच चुकलं. पोरीला मीच अडकवलं." मग त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून माझा फॉर्म काढला. "सगळं देतोय, हा ठेवलाय. एवढ्या थंडीत माझ्यासाठी कुणी दारोदार फिरलं नव्हतं हो."

मी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते, "काका, चहा होईल का?" एवढंच. काका लगबगीनं उठले आणि आलं घालून चहा केला. तो मी शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो, याची मला आजही लाज वाटते.

मुलगी पुढे त्या घरातून सुटली, ह्यूस्टनला नवऱ्याकडे गेली. काका पुण्याला भावाकडे गेले आणि तिथेच वारले. त्यांनी पुन्हा कुठल्याही शहराचं भविष्य सांगितलं नाही. मी आता गुडगावला राहतो, मल्होत्राजींनी न घेतलेल्या शेतांतच कुठेतरी, अकराव्या मजल्यावर. रविवारी सकाळी बायको म्हणते, "चलो, वॉकला जाऊ." मी तिला पुढे पाठवतो आणि लांबलचक पॅसेजमधून एकटा चालतो. प्रत्येक दारासमोर थांबतो. चपला आहेत का, दूध आत घेतलंय का, बघतो आणि लिहितो. नांदतं, नांदतं, कुलूपबंद. खाडाखोड होते, परत मागे जाऊन खात्री करतो. मोजणी अगदी खरी असते. काका गेल्यावर काकूंनी मला पुण्याहून एक पाकीट पाठवलं होतं, त्यात तो विमानातला फॉर्म होता. एका कोपऱ्यात काकांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: मोजणी विश्वासार्ह.